स्तनाच्या कर्करोगात लसिकावाहिन्या व रक्तवाहिन्यांमधील शिरकाव : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्तनाची शस्त्रक्रिया झाल्यावर काही दिवसांनी हाती येणाऱ्या पॅथॉलॉजीच्या अहवालात गाठीचा आकार, तिची श्रेणी (ग्रेड), कडा आणि काखेतील लसिका ग्रंथींची (लिम्फ नोडची) संख्या यांच्या जोडीला एक छोटीशी ओळ असते : ‘लिम्फोव्हॅस्क्युलर इन्व्हेजन : प्रेझेंट’ किंवा ‘नॉट आयडेंटिफाइड’. बऱ्याच ठिकाणी तिचा उल्लेख नुसता ‘एलव्हीआय’ असा होतो. या एका ओळीने जितकी घबराट पसरते तितका तिचा अर्थ फारसा कोणी समजावून सांगत नाही, म्हणून रुग्ण आणि नातेवाईक या संदर्भात जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

एलव्हीआय ‘प्रेझेंट’ म्हणजे नेमके काय दिसले?

मूळ गाठीच्या आसपासच्या ऊतीमध्ये ज्या बारीक लसिकावाहिन्या आणि रक्तवाहिन्या असतात, त्यांपैकी एखादीच्या पोकळीत कर्करोगाच्या पेशींचा पुंजका सूक्ष्मदर्शकाखाली दिसला, एवढाच या शब्दांचा अर्थ आहे. तो पुंजका गाठीच्या कडेबाहेर असावा, अशी अपेक्षा असते, कारण गाठीच्या आत वाहिन्या दबलेल्या आणि विस्कटलेल्या असतात आणि तेथे खात्रीने काही सांगणे कठीण जाते. ही वाहिनी उघड्या डोळ्यांना दिसणारी नसते. शस्त्रक्रियेच्या वेळी सर्जनला ती जाणवत नाही आणि मॅमोग्राफी, सोनोग्राफी किंवा एमआरआयमध्येही तिचे थेट दर्शन होत नाही. ही नोंद केवळ काचपट्टीवरच होऊ शकते.

म्हणजे कर्करोग शरीरभर पसरला का?

नाही. दूरच्या अवयवात, म्हणजे हाडे, फुप्फुसे, यकृत किंवा मेंदूत, रोगाने मूळ धरले तर त्याला मेटास्टॅसिस म्हणतात, आणि एलव्हीआय ही त्यापासून बऱ्याच अलीकडची पायरी आहे. वाहिनीत शिरलेल्या पेशीला पुढे प्रवाहाचा मारा सोसावा लागतो, रोगप्रतिकारक पेशींच्या तावडीतून सुटावे लागते, वाहिनीतून पुन्हा बाहेर पडावे लागते आणि परक्या ऊतीत जगून वाढावे लागते. शिरलेल्यांपैकी बहुतेक पेशी या वाटेतच मरतात. एलव्हीआय दिसले म्हणजे या गाठीतील काही पेशींना वाहिनीची भिंत ओलांडण्याचे कसब साधले आहे, इतके निश्चित म्हणता येते. त्यांनी पुढचा प्रवास पूर्ण केला आहे असे त्यावरून म्हणता येत नाही. घरात कोणी ‘पसरला’ हा शब्द वापरत असेल तर तो कशाच्या आधारावर, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारावे.

लसिकावाहिनी आणि रक्तवाहिनी यांची नोंद एकत्र का करतात?

कारण नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगद्रव्याने, म्हणजे हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिनने रंगवलेल्या काचपट्टीवर अत्यंत बारीक लसिकावाहिनी आणि बारीक रक्तकेशिका यांत भेद करणे पुष्कळदा शक्य नसते. दोघींचेही अस्तर एका पेशीच्या जाडीचे असते. लसिकावाहिनीत तांबड्या पेशी सहसा नसतात, हा एक आधार असतो, पण तो दरवेळी पुरेसा पडत नाही. विशेष रंगद्रव्ये वापरून केलेल्या अभ्यासांत असे दिसले आहे की स्तनाच्या कर्करोगात आढळणारा वाहिन्यांमधील शिरकाव फार मोठ्या प्रमाणात लसिकावाहिन्यांमध्येच असतो. हे शरीररचनेशी जुळणारे आहे : लसिकाकेशिकांचे अस्तर सैल असते, त्यांच्या बाहेर सलग आधारपटल नसते, म्हणून पेशीला तेथे शिरणे सोपे जाते. स्तनातील बहुतांश लसिका काखेकडे आणि थोडी छातीच्या हाडालगतच्या ग्रंथींकडे वाहते.

पण हे दोन मार्ग एकमेकांपासून अगदी तुटलेले आहेत असे समजू नये. लसिका शेवटी मानेच्या बुडाशी असलेल्या मोठ्या शिरांमध्ये मिसळते, म्हणजे लसिकेच्या वाटेने निघालेली पेशीही रक्तात पोहोचू शकते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत विल्यम हॉल्स्टेड यांनी स्तन, छातीचे स्नायू आणि काखेतील ऊती एकसंध काढण्याची शस्त्रक्रिया रूढ केली, तिच्यामागे रोग लसिकेच्या वाटेने पायरीपायरीने पुढे सरकतो ही कल्पना होती. अमेरिकी सर्जन बर्नार्ड फिशर यांनी ती कल्पना आव्हानित केली आणि १९७१ साली सुरू झालेल्या ‘बी-०४’ या चाचणीत काखेतील ग्रंथी सुरुवातीलाच काढल्या किंवा न काढल्या तरी जगण्याच्या कालावधीत लक्षणीय फरक पडत नसल्याचे दिसून आले. आज शस्त्रक्रिया आटोपशीर झाली आणि औषधोपचारांना महत्त्व आले, त्याचे मूळ येथे आहे.

पॅथॉलॉजिस्ट हे ओळखतात कसे? चूक होऊ शकते का?

होऊ शकते, आणि दोन्ही बाजूंनी होऊ शकते. या प्रश्नाचे उत्तर जरा सविस्तर द्यायला हवे, कारण अहवालातील इतर बऱ्याच आकड्यांपेक्षा ही नोंद बघणाऱ्याच्या नजरेवर आणि ऊतीच्या निगराणीवर अधिक अवलंबून आहे.

पहिला फसवा प्रकार आक्रसण्याचा. ऊती फॉर्मलिन या जतन करणाऱ्या द्रावात स्थिर होताना आकसते, गाठीतील पेशींचे पुंजके आजूबाजूच्या तंतुमय ऊतीपासून सुटतात आणि त्यांच्याभोवती एक रिकामी फट तयार होते. ही फट हुबेहूब वाहिनीसारखी दिसते. फरक असा, की फटीचा आकार आतल्या पुंजक्याच्या आकाराशी तंतोतंत जुळतो आणि तिला अस्तर-पेशींची केंद्रके नसतात. खऱ्या वाहिनीत मात्र पुंजक्याचा आकार आणि पोकळीचा आकार वेगळा असतो, कडेला चपट्या केंद्रकांची रांग दिसते, आणि शेजारी बहुधा दुसरी धमनी किंवा शीर असते. मायक्रोपॅपिलरी नावाच्या प्रकारात तर अशा रिकाम्या जागा हे त्या कर्करोगाचे स्वतःचेच रूप असते आणि त्याच वेळी खरा एलव्हीआयही त्यात वारंवार आढळतो, त्यामुळे तेथे अनुभवी नजरेचीही परीक्षा होते.

दुसरा फसवा प्रकार दुग्धनलिकेच्या आत मर्यादित असलेल्या कर्करोगाचा, ज्याला डीसीआयएस म्हणतात. लहान नलिकेत भरलेल्या पेशी आणि वाहिनीत भरलेल्या पेशी यांचा गोंधळ होऊ शकतो.

शंका राहिली तर इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री नावाची तपासणी मदतीला येते. डी२-४० हे द्रव्य लसिकावाहिन्यांचे अस्तर रंगवते, सीडी३४ प्रामुख्याने रक्तवाहिन्यांचे आणि सीडी३१ दोन्हींचे. तथापि डी२-४० काही वेळा नलिकेच्या बाहेरच्या स्नायूसदृश पेशींनाही हलकासा रंग देते, म्हणून तेही डोळे झाकून विश्वासण्याजोगे नाही. प्रत्येक रुग्णात ही तपासणी करण्याचा दंडक नाही आणि तशी गरजही नसते.

याच्याही आधीची एक गोष्ट आहे. काढलेला स्तनाचा भाग पुरेशा फॉर्मलिनमध्ये लवकर, शक्यतो तासाभराच्या आत, गेला पाहिजे आणि ६ ते ७२ तास त्यात राहिला पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. हा संकेत मुळात हार्मोन रिसेप्टर (ईआर व पीआर) आणि हर२ या कर्करोगपेशींतील प्रथिनांच्या तपासणीसाठी ठरला, पण त्याचा लाभ येथेही होतो. लहान गावातील शस्त्रक्रियागृहातून ऊती बरणीत अर्धवट बुडवून, दुसऱ्या दिवशीच्या कुरिअरने शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवली जाते, तेव्हा ऊतीचा आतला भाग सडू लागलेला असतो आणि काचपट्टीवरचे चित्र धूसर होते. मग कितीही नामांकित पॅथॉलॉजिस्ट बसवला तरी त्याला जे दिसेल तेच तो लिहिणार.

दोन प्रयोगशाळांचे अहवाल वेगळे आले. खरे कोणाचे?

कदाचित दोघांचेही, कारण दोघांनी ऊतीचे वेगवेगळे काप पाहिलेले असू शकतात. एक काप साधारण ४ मायक्रॉन जाडीचा असतो. २ सेंटिमीटरच्या गाठीचे असे सलग काप केले तर ते ५,००० भरतील, आणि प्रत्यक्षात तपासले जातात ते मोजकेच. एखाद्याच ठिकाणी असलेला पुंजका एका कापात येतो, दुसऱ्यात येत नाही. शिवाय वर सांगितलेल्या फटीविषयी दोन तज्ज्ञांचे प्रामाणिक मतभेदही होतात. एलव्हीआयवर उपचाराचा निर्णय खरोखरच अडलेला असेल, तरच तिसऱ्या मताचा खटाटोप करावा. नसेल तर त्यात वेळ घालवू नये.

सुईच्या बायोप्सीत एलव्हीआय नव्हता, शस्त्रक्रियेनंतर मात्र सापडला. मधल्या काळात रोग वाढला का?

बायोप्सीत गाठीच्या मधल्या भागाचे सुतळीएवढे तुकडे येतात. एलव्हीआय शोधायचा असतो तो गाठीच्या कडेबाहेर. तेव्हा बायोप्सीत न दिसणे हे अपेक्षितच म्हणावे लागेल.

यामुळे कर्करोगाचा टप्पा, म्हणजे स्टेज, बदलतो का?

बदलत नाही. २०१८ पासून लागू असलेल्या एजेसीसी या अमेरिकी समितीच्या टप्पे ठरवणाऱ्या नियमावलीच्या आठव्या आवृत्तीत गाठीचा आकार, लसिका ग्रंथी आणि दूरचा प्रसार यांच्या जोडीला श्रेणी, ईआर, पीआर, हर२ यांचाही विचार होतो, पण एलव्हीआयचा त्यात समावेश नाही. नलिकांची रचना, केंद्रकांचे रूप आणि विभाजनाचा वेग यांवरून ठरणाऱ्या नॉटिंगहॅम श्रेणीतही त्याला स्थान नाही.

मग काखेतील सर्व ग्रंथी स्वच्छ असताना या नोंदीला किती वजन द्यावे?

एलव्हीआयचे महत्त्व सर्वांत जास्त येथेच आहे. ग्रंथींमध्ये रोग नसलेल्या रुग्णांचे एकूण भवितव्य चांगले असते, पण त्यांच्यातील काहींना पुढे रोग उलटतो, आणि ते कोण असतील याची चाहूल देणाऱ्या मोजक्या खुणांपैकी ही एक आहे. नॉटिंगहॅमच्या अभ्यासगटाने २०१२ साली ३,८०० हून अधिक रुग्णांची माहिती तपासून असा निष्कर्ष काढला की ग्रंथी स्वच्छ असलेल्या स्त्रियांमध्ये एलव्हीआयमुळे होणारा तोटा हा साधारणपणे एक-दोन ग्रंथी बाधित असण्याइतका, किंवा गाठ २ सेंटिमीटरच्या मर्यादेपलीकडे जाण्याइतका असतो. गाठीचा आकार आणि श्रेणी हिशेबात धरूनही हा परिणाम उरतो, म्हणून त्याला स्वतंत्र खूण मानतात.

स्वित्झर्लंडमधील सेंट गॅलेन येथील तज्ज्ञांच्या परिषदेने २००५ मध्ये गाठीभोवतीच्या वाहिन्यांतील शिरकाव हा ग्रंथी स्वच्छ असलेल्यांसाठी जोखमीचा निकष म्हणून स्वीकारला आणि २००७ मध्ये तो ‘विस्तृत’ शिरकावापुरता मर्यादित केला. दोन वर्षांत झालेली ही दुरुस्ती मला बोलकी वाटते. एका कापात एक पुंजका आणि अनेक ब्लॉकमध्ये (मेणात बसवलेल्या ऊतीच्या ठोकळ्यांत) जागोजागी पुंजके यांना एकाच शब्दाने संबोधणे योग्य नव्हे, आणि आपल्याकडील पुष्कळ अहवाल आजही नुसते ‘प्रेझेंट’ लिहून थांबतात. शिरकाव एखाद्याच ठिकाणी आहे की विस्तृत, हे अहवालात नसेल तर विचारून घ्यावे.

एक मर्यादाही ध्यानात ठेवावी. एलव्हीआय बहुधा एकटा येत नाही. तरुण वय, मोठी गाठ, तिसरी श्रेणी आणि वेगाने विभाजन होणाऱ्या पेशी यांच्या सोबतीने तो अधिक दिसतो. उलट लोब्युलर प्रकारात कमी दिसतो. म्हणून जुन्या आकडेवारीत एलव्हीआयच्या माथी मारलेल्या दोषाचा काही वाटा त्याच्या या सोबत्यांचा असतो.

ग्रंथींमध्ये आधीच रोग सापडला असेल तर?

तर या नोंदीने चित्रात फारशी भर पडत नाही. ग्रंथीपर्यंत पेशी पोहोचल्या त्या वाहिनीतूनच, मग काचपट्टीवर ती वाहिनी सापडो वा न सापडो. ग्रंथींमध्ये किती रोग आहे, हा प्रश्न अधिक मोलाचा : ०.२ मिलिमीटरपर्यंतच्या पुंजक्याला सुट्या पेशी समजतात, त्यापुढे २ मिलिमीटरपर्यंत सूक्ष्म प्रसार आणि त्याहून मोठा तो पूर्ण प्रसार.

एलव्हीआय आहे म्हणून केमोथेरपी घ्यावीच लागेल का?

केवळ त्या एका कारणासाठी नाही. ट्रिपल निगेटिव्ह (ईआर, पीआर आणि हर२ तिन्ही नसलेल्या) आणि हर२ पॉझिटिव्ह कर्करोगात केमोथेरपीचा किंवा हर२विरोधी औषधांचा निर्णय मुख्यतः कर्करोगाचा प्रकार आणि गाठीचा आकार यांवर होतो; तेथे ही नोंद क्वचितच पारडे फिरवते. खरी घालमेल होते ती ईआर पॉझिटिव्ह, हर२ निगेटिव्ह, ग्रंथी स्वच्छ आणि गाठ मध्यम आकाराची, अशा परिस्थितीत. पूर्वी अशा वेळी एलव्हीआयकडे बोट दाखवून केमोथेरपी सुचवली जात असे. आता परवडत असेल तर २१ जनुकांची ऑन्कोटाइप डीएक्ससारखी तपासणी करून केमोथेरपीचा लाभ होईल का, याचा अंदाज घेता येतो. एलव्हीआय रोग उलटण्याची शक्यता सुचवतो, पण केमोथेरपी लागू पडेल की नाही हे सांगत नाही. या दोन निराळ्या गोष्टी आहेत आणि सल्लामसलतीत त्यांची सरमिसळ सर्रास होते. ही तपासणी महाग आहे आणि सर्वांच्या आवाक्यात नाही, हे खरेच. ती नसेल तेव्हा वय, श्रेणी, आकार, रिसेप्टरचे प्रमाण आणि एलव्हीआय हे सारे एकत्र मांडून वैद्यकीय कर्करोगतज्ज्ञ निर्णय घेतात, आणि तो निर्णय कमअस्सल असतो असे नाही. हार्मोनची गोळी मात्र अशा रुग्णांनी वर्षानुवर्षे न चुकता घेणे अत्यावश्यक आहे.

रेडिएशनच्या निर्णयावर काय परिणाम होतो?

स्तन वाचवून शस्त्रक्रिया केली असेल तर रेडिएशन बहुतेकांना द्यावेच लागते. एलव्हीआय असल्यास स्तनाच्या केवळ काही भागाला रेडिएशन देण्याचा आटोपशीर पर्याय निवडताना डॉक्टर हात आखडता घेतात, विशेषतः शिरकाव विस्तृत असेल तर.

स्तन पूर्ण काढला असेल आणि ग्रंथी स्वच्छ असतील, तर प्रश्न खरोखर वादाचा होता. ‘सुप्रीमो’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत १,६०७ मध्यम जोखमीच्या रुग्णांचा समावेश होता. एक ते तीन ग्रंथी बाधित असलेल्या स्त्रिया तीत होत्या. ग्रंथी स्वच्छ असूनही २ सेंटिमीटरहून मोठी गाठ आणि तिसरी श्रेणी किंवा एलव्हीआय असलेल्या स्त्रियाही होत्या. निम्म्यांना छातीच्या भिंतीवर रेडिएशन दिले, निम्म्यांना दिले नाही. १० वर्षांनी जिवंत असलेल्यांचे प्रमाण ८१.४ आणि ८१.९ टक्के होते, म्हणजे जवळजवळ सारखेच. छातीवर रोग उलटण्याचे प्रमाण रेडिएशनने २.५ टक्क्यांवरून १.१ टक्क्यांवर आले. आधुनिक औषधोपचार मिळालेल्या अशा रुग्णांमध्ये एलव्हीआयचे निमित्त करून सरसकट रेडिएशन देण्याला यामुळे फारसा आधार उरलेला नाही, असे माझे मत आहे. अनेक प्रतिकूल खुणा एकत्र आल्या असतील तर गोष्ट वेगळी.

सुई टोचल्यामुळे किंवा गाठ दाबून पाहिल्यामुळे पेशी वाहिनीत ढकलल्या गेल्या का?

हा प्रश्न आपल्याकडे घरोघरी विचारला जातो आणि त्या भीतीपायी बायोप्सी महिनोन्महिने टाळली जाते. सुईने तपासणी केल्यामुळे रुग्णाचे आयुष्य घटते असा पुरावा नाही, आणि बायोप्सीशिवाय योग्य उपचार ठरवताच येत नाहीत. एलव्हीआय ही पेशींच्या स्वतःच्या गुणधर्मातून घडणारी प्रक्रिया आहे. सुईच्या मार्गाजवळ काही पेशी विस्थापित झालेल्या दिसू शकतात, पण पॅथॉलॉजिस्टना तो प्रकार परिचयाचा आहे.

शस्त्रक्रियेच्या क्षणी गाठीभोवती काय घडते, याचा मात्र गंभीर अभ्यास झाला आहे, आणि तोही मुंबईच्या परळमधील टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या पुढाकाराने. डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी भारतातील ११ केंद्रांत घेतलेल्या चाचणीत शस्त्रक्रियेच्या काही मिनिटे आधी गाठीभोवती लिग्नोकेन हे भुलीचे साधे, स्वस्त औषध टोचले गेले. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार रोगमुक्त राहिलेल्यांचे पाच वर्षांचे प्रमाण ८२.६ वरून ८६.६ टक्के आणि एकूण जगण्याचे प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्के झाले. ही चाचणी एलव्हीआय असलेल्यांपुरती नव्हती. तरीही शस्त्रक्रिया व्हायची असेल तर सर्जनना याविषयी विचारण्यात संकोच नसावा.

‘डर्मल लिम्फॅटिक’ असा वेगळा उल्लेख आहे. तो काय?

त्वचेच्या आतील लसिकावाहिन्यांमध्ये पेशी दिसल्या, असा त्याचा अर्थ. स्तनाच्या त्वचेचा एक तृतीयांश किंवा अधिक भाग झपाट्याने लाल झाला, सुजला आणि संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत दिसू लागला तर त्याला दाहक कर्करोग म्हणतात, आणि ते निदान डोळ्यांनी पाहून होते. त्वचेच्या वाहिन्या पेशींनी तुंबल्यामुळेच तशी सूज येते. परंतु त्वचा वरून साधारण असताना नुसत्या काचपट्टीवरील नोंदीवरून दाहक कर्करोग ठरवत नाहीत.

एलव्हीआयमुळे हाताला सूज येते का?

नाही. हाताची सूज काखेतील ग्रंथी काढल्यामुळे किंवा तेथे रेडिएशन दिल्यामुळे येते.

केमोथेरपी आधी घेतली आणि नंतर काढलेल्या ऊतीत एलव्हीआय दिसला, तर?

औषधांचा मारा होऊनही वाहिन्यांमध्ये पेशी टिकून राहिल्या, ही गोष्ट प्रतिकूल धरतात. कधी कधी गाठ जवळपास विरघळलेली असते आणि वाहिन्यांमध्येच तेवढे पुंजके उरलेले असतात. अशा वेळी रोग पूर्ण नाहीसा झाला असे मानले जात नाही. पुढचे औषध बदलावे किंवा वाढवावे का, हे उरलेल्या रोगाच्या प्रमाणावर आणि प्रकारावर ठरते.

लगेच पेट स्कॅन करून घ्यावा का?

प्राथमिक टप्प्यात, कोणतेही लक्षण नसताना, केवळ एलव्हीआयसाठी पेट स्कॅन करण्याची गरज नसते. वाहिनीतले पुंजके स्कॅनमध्ये दिसण्याइतके मोठे नसतात, आणि फुप्फुसातील जुन्या क्षयाच्या डागासारख्या निरुपद्रवी गोष्टी मात्र चमकून दिसतात, ज्यांच्यामागे आणखी तपासण्या आणि आणखी खर्च लागतो.

‘आढळले नाही’ असे लिहिले असेल तर निर्धास्त राहावे का?

ही चांगली बातमी आहे, पण ‘नाही’ आणि ‘आढळले नाही’ यांत फरक आहे. ठरलेले उपचार आणि नियमित तपासणी यांत त्यामुळे सूट मिळत नाही.

दुसरे मत घ्यायचे असेल तर सोबत काय न्यावे?

छापील अहवाल पुरेसा नाही. ज्या प्रयोगशाळेने तपासणी केली तिच्याकडून पॅराफिनचे ब्लॉक आणि रंगवलेल्या काचपट्ट्या दोन्ही लेखी अर्ज देऊन मागून घ्याव्यात. मोठ्या कर्करोग रुग्णालयांत त्यांचीच पुनर्तपासणी होते. ब्लॉक उन्हात किंवा गाडीच्या तापलेल्या डिकीत ठेवू नयेत, कारण पॅराफिन म्हणजे मेणच. काचपट्ट्या कागदात गुंडाळण्यापेक्षा प्लॅस्टिकच्या खाचांच्या पेटीत न्याव्यात, बायोप्सीचे आणि शस्त्रक्रियेचे ब्लॉक वेगवेगळे ठेवून त्यांवरील क्रमांक अहवालातील क्रमांकाशी जुळवून पाहावेत, आणि काम झाल्यावर ते परत घ्यायला विसरू नये. पुढे कधी नवी तपासणी करायची वेळ आली तर हेच ब्लॉक लागतात.